दगडातला स्वेटर

मुलांनो, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडे फ्रान्सला गेले होते. दक्षिणेकडचं आव्हिन्यों हे गाव पोपच्या राजवाड्यासाठी नि ऱ्होन नदीवरच्या थोड्याच उरलेल्या पुलासाठी प्रसिद्ध आहे. ते पाहिलंच, पण मला सांगायचंय एका दगडी माणसाबद्दल.

जेझुइट पाद्र्यांच्या जुन्या प्रार्थनाघरात आता प्राचीन मूर्तींचं संग्रहालय आहे. आत शिरलो आणि माझा भाचा एकदम ओरडला, "मावशी, यानं स्वेटर घातलाय!"

खरंच की! अंगभर विणीच्या टाक्यांसारखी नक्षी. पण ते होतं लोखंडी कड्यांचं चिलखत. ही मूर्ती १८९२ साली वाशेर नावाच्या खेड्यात सापडली. गळ्यात जाड कडं, कमरेला पट्टा, तलवार आणि ढाल. पाय मात्र तुटलेत. हा गॉल योद्धा. आजच्या फ्रान्समध्ये तेव्हा गॉल लोक राहत.

अशा चिलखतात एक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली असते. त्यामुळे ते अंगासरशी वळतं, तलवारीची धार कातडीपर्यंत पोचत नाही. मार मात्र लागतोच, म्हणून आत जाड कपडा हवा. आणि पट्टा काही ऐटीसाठी नव्हे बरं का! तो आवळला की खांद्यांवरचं काही ओझं कमरेवर येतं.

"सगळे गॉल असंच घालायचे?" भाच्यानं विचारलं. मी जरा अडखळलेच. रोममधला प्रसिद्ध 'मरणोन्मुख गॉल' तर उघडाच आहे, गळ्यात फक्त कडं. पण तो घडवला ग्रीकांनी, म्हणजे शत्रूंनी. आज दिसते ती रोमन नक्कल. शिवाय जुन्या मूर्ती रंगवलेल्या असत. एखाद्या मूर्तीचा अंगरखा आज गुळगुळीत दिसला, तर तो चामड्याचा की त्यावर रंगानं काढलेल्या कड्या पुसून गेल्या? नुसत्या दगडावरून कसं ओळखायचं?

अशा वेळी जमीन मदतीला येते. रुमानियात चुमेश्त इथं १९६१ साली केल्टिक थडग्यात कड्यांच्या चिलखताचे खरेखुरे तुकडे मिळाले, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले! हे चिलखत गॉलांचंच, असं रोमन पंडित वारोनंही लिहून ठेवलंय. वाशेरचा योद्धा मात्र बराच नंतरचा, सीझरनं गॉल जिंकल्यानंतरचा. तो बहुधा रोमन फौजेतच चाकरीला असावा. म्हणजे त्याच्या एकट्याच्या अंगावरून सगळ्या गॉलांचा पोशाख ठरवता येत नाही.

घरी आल्यावर भाच्यानं त्याचं चित्र काढायला घेतलं. कडी न् कडी काढायची, असा हट्ट! जेवायची वेळ झाली, ताई दोनदा हाका मारून गेली, तरी चिलखत जेमतेम एका खांद्यापुरतंच झालं होतं.