चार शून्य, एक पूर्ण, एक अर्धं

आमच्या घरी नकाराला तीन शब्द आहेत. आपलं मराठी 'नको', शेजारच्या अज्जींकडून उचललेलं 'ब्याडा' आणि शाळेतून आलेलं 'बोअरिंग'. सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या कन्यारत्नाचा बारावा वाढदिवस आला, तेव्हा आठ दिवसांत हे तिन्ही शब्द मी इतक्या वेळा ऐकले की शेवटी विचारायचीच भीती वाटू लागली.

वाढदिवस नेमका रविवारी होता. मी म्हटलं, किल्ल्यात जाऊया, कमल बस्ती बघूया, येताना आइस्क्रीम खाऊया. "शाळेची ट्रिप तिथंच गेली होती. बोअरिंग." राजहंसगडावर जाऊया? "मागच्या सुट्टीत गेलो की." मग मैत्रिणींना घरीच बोलाव, मी केक करते, भडंग करते, इडली करते. "ब्याडा." खानापूरला आजीकडे? त्यावर तर नुसती मान हलली.

तिच्या वर्गातल्या मुलींचे वाढदिवस मला ठाऊक होते. कुणी आठजणींना पिझ्झा खायला नेलं होतं, कुणी गेम खेळायच्या ठिकाणी. शिवाय येणाऱ्या प्रत्येकीला परतीची भेटवस्तू. आम्हाला त्या महिन्यात ते झेपणारं नव्हतं. हे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात आहेत. तिथं ऑर्डरी कमी झाल्या होत्या आणि दोन महिने अर्धाच पगार हातात येत होता. मुलांना हे कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून मी स्वस्तातले बेत सुचवत होते आणि ते स्वस्त आहेत म्हणून नाही, छान आहेत म्हणून सुचवते आहे, असं भासवत होते.

गुरुवारी माझा तोल सुटला. "पाहिजे तरी काय तुला? एकदाचं सांग आणि मोकळी हो!" म्हटलं. "मला काहीच नको की!" असं ओरडून तिने आतल्या खोलीचं दार धाडकन लावलं. धाकटा आठ वर्षांचा. तो हळूच म्हणाला, "तिचा वाढदिवस मला देऊन टाक."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर तिचं टेबल आवरत होते. गणिताच्या जुन्या वहीचं शेवटचं पान उघडं होतं. त्यावर आठजणींचा पिझ्झा, कोल्ड्रिंक, केक, भेटवस्तू, रिक्षा असं एकाखाली एक लिहिलेलं होतं. बेरीज चार हजार तीनशे पन्नास. त्यावर लाल पेनाने आडवी काट. खाली पुन्हा चारजणींचा हिशोब, त्यावरही काट. मग दोघींचा. तोही खोडलेला. त्याच्याखाली काहीच नव्हतं.

मी तिथंच खाली बसले. म्हणजे माझ्या पहिल्या बेताच्या आधीच पोरीने सगळे हिशोब करून टाकले होते. तिचा 'नको' माझ्या बेतांना नव्हताच. मी जे तिच्यापासून लपवत होते, तेच ती माझ्यापासून लपवत होती.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "सरळ सांगूया की तिला. भिंती काय जाड आहेत आपल्या?"

मग एका पाकिटात बाराशे रुपये घालून तिच्यासमोर ठेवले. पगाराचं काय झालंय, ते ह्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." मी म्हटलं, "यात काय बसतं ते तू ठरव. आम्ही येतो फक्त." ती बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बसने गेलो तर आपल्याला तिकीट नाही ना?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! कर्नाटकात जून २०२३ मध्ये शक्ती योजना सुरू झाली, तेव्हापासून राज्यातल्या बायका-मुलींना सरकारच्या साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नव्हते. मी त्या बसने बाजाराला जायचे, माहेरी जायचे. पण सहलीचा हिशोब पोरीने केला. मी शून्य, ती शून्य, दोन मैत्रिणी शून्य. पप्पांचं पूर्ण आणि धाकट्याचं अर्धं. "म्हणजे गोकाकचा धबधबा होतो," ती म्हणाली. केक बसमध्ये टिकणार नाही, म्हणून गोकाकलाच करदंट घ्यायचा, हेही तिनेच ठरवलं.

दोन्ही मैत्रिणी कानडी घरातल्या. एकीच्या आईला मी भीत भीत विचारलं, तर ती म्हणाली, "होगली बिडरी अक्का, नाने रोट्टी माडि कोडतीनी." रविवारी सकाळी खरंच तिच्या डब्यात जोंधळ्याची रोट्टी, शेंगाचटणी आणि एण्णगाई होती. माझ्या डब्यात चित्रान्न आणि दहीभात.

बसमध्ये कंडक्टर "आधार तोरसरी" म्हणाला, तशा चौघींनी ऐटीत कार्डं काढली. शून्य रुपयांची चार तिकिटं फाडून दिली. ह्यांनी पैसे मोजताना पोरी इतक्या हसल्या की पुढच्या सीटवरची म्हातारीही हसायला लागली.

गोकाकला उतरून दुसऱ्या बसने धबधब्यापाशी पोचलो. पाणी दिसायच्या आधी आवाज आला. घटप्रभा तिथे ५२ मीटर, म्हणजे सुमारे १७० फूट खाली उडी घेते, घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून. पावसाळ्यातलं तांबडं पाणी, वर उडणारे तुषार. मैत्रिणी ओरडल्या, "एष्ट छंद ऐती!" ह्यांचं गाव चंदगड तालुक्यातलं. हे मुलांना सांगू लागले, आपल्या ताम्रपर्णीचं पाणी घटप्रभेला मिळतं, आंबोलीची हिरण्यकेशीही मिळते आणि ते सगळं इथून कोसळतं. धाकट्याने विचारलं, "म्हणजे आपण गावात टाकलेली होडी इथं आली असेल?"

बाईसाहेबांना मात्र झुलता पूल हवा होता. बेत ठरल्यापासून तिच्या तोंडी तोच होता. आणि पाणी जास्त असल्याने त्या दिवशी पुलावर कुणाला सोडत नव्हते. माझ्या पोटात गोळाच आला. आता तोंड फुगणार, 'बोअरिंग' येणार आणि परतीची बस लवकर पकडावी लागणार. मैत्रिणींची तोंडंही पडली. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "पुलावर उभं राहिलं तर पूल कसा दिसणार? इथनं आख्खा दिसतो की." आणि त्यांना ओढत महालिंगेश्वराच्या जुन्या देवळाकडे घेऊन गेली. त्या दिवशी ती पाहुणी नव्हती, यजमान होती. रुसायला तिला सवड नव्हती.

दगड निसरडे होते, म्हणून काठापासून लांबच बसून जेवलो. भाजलेली कणसं खाल्ली. करदंटाचा डबा उघडला, तेव्हा मैत्रिणीने शिकवलं की कानडीत 'करद' म्हणजे तळलेला आणि 'अंटु' म्हणजे डिंक. इतकी वर्षं खाते आहे, पण नाव कधी फोडून बघितलं नव्हतं!

परतीची बस खच्चून भरलेली. अर्ध्या वाटेपर्यंत आम्ही उभेच. धाकटा ह्यांच्या खांद्यावर झोपला. घरी आल्यावर मी न राहवून विचारलं, "कसा झाला वाढदिवस?"

"ठीक होता की."

आमच्याकडे याहून वरचा शेरा नाही.

सकाळी स्वयंपाकघरात डब्याखाली पाकीट ठेवलेलं दिसलं. आत वहीचं पान होतं. आई ०, मी ०, मैत्रिणी ०. पप्पा आणि धाकटा, जाऊन-येऊन २७६. करदंट १६०. कणसं १२०. चहापाणी ९०. चुरमुरे ६०. एकूण ७०६, शिल्लक ४९४. पैसेही मोजून तेवढेच होते. कुठे काट नव्हती. खाली एक ओळ होती : "सगळ्यात जास्त खर्च पप्पांचा झाला. पुढच्या वर्षी त्यांना न्यायचं का ते बघू."

ह्यांनी ते पान खिशात घातलं आणि कामावर गेले.