कुलपातला डिंक

सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात मी काही वर्षे काढली. घराखाली एक भाजीवाला होता. एके सकाळी पाहतो तो स्वारी बंद दुकानापुढे नुसतीच उभी. कुलपात किल्ली शिरेना. रात्री कोणी तरी त्यात झटपट वाळणारा डिंक ओतला होता. मी म्हणालो, "पोरांचा चावटपणा!" त्याने माझ्याकडे असे काही पाहिले की, मी गप्पच बसलो.

पुढे उलगडा झाला. तो डिंक म्हणजे चिठ्ठी होती : हप्ता थकला आहे! तिथे या हप्त्याला 'पिझ्झो' म्हणतात. सिसिलीच्या बोलीत पिझ्झो म्हणजे चोच. आमचीही चोच जरा ओली होऊ द्या, इतकी ती लाघवी मागणी. लिबेरो ग्रासी या कपड्यांच्या कारखानदाराने १९९१ साली ती वर्तमानपत्रातून जाहीरपणे धुडकावली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला घराजवळच त्याला गोळ्या घातल्या गेल्या. २००४ पासून तिथल्या तरुणांनी हप्ता न देणाऱ्या दुकानदारांची चळवळ उभारली आहे. पण माझा भाजीवाला काही तिच्यात गेला नाही. चार दिवसांनी नवे कुलूप आले आणि तो पुन्हा हसू लागला. मी काय ते समजलो.

"आमच्या बीडकडे असले काही नाही हो," असे मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगत असे. वाळूच्या गाड्या कोणाच्या, परळीच्या वीजकेंद्राची राख कोण उचलतो, हे आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ठाऊक असते. पण त्याला आम्ही 'वजन असणे' म्हणतो. कमरेचे पिस्तूल दाखवीत फोटो काढणारा पोरगाही आम्हांला हौशीच वाटे.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना पळवून नेऊन हाल हाल करून मारले. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या ते आड आले, असे आरोपपत्र म्हणते. आरोपींना १९९९ चा मकोका लावला गेला. जिल्ह्यात बंदुकांचे परवाने बाराशेहून अधिक, हेही तेव्हाच छापून आले.

त्यानंतर गावी गेलो, तेव्हा काकांच्या दुकानात बसलो होतो. दोन तरुण आले, नमस्कार केला आणि वर्गणीची पावती ठेवून गेले. आकडा आधीच भरलेला होता.

"काका, हा आकडा कोणी ठरवला?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर माझ्या ओळखीची होती. मग गल्ला बंद करीत ते म्हणाले, "चहा सांगू का रे?"