आप्पांची एकनळी

आमच्या इंदिरानगरात पारव्यांचे राज्य आहे. सकाळी कॉलेजला निघावे तर गॅलरीच्या कठड्यावर चार-पाचजण घुमत बसलेले असतात. कपडे वाळत घालण्याची सोय उरलेली नाही आणि एकाआड एक इमारतीला जाळ्या लागल्या आहेत. आमच्या समोरच्या सोसायटीतले एक गृहस्थ रोज ज्वारी टाकतात आणि त्यांच्याच खालच्या मजल्यावरच्या बाई रोज त्यांच्याशी भांडतात. २०२५ साली मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्री घालून बंद केला गेला, तेव्हा आमच्या जिन्यातही दोन पक्ष पडले होते. पण पारव्यांचा आणि बंदुकीचा काही संबंध असतो, हे इथे कोणाच्या मनातही येणार नाही. माझ्या मनात तो लहानपणापासून आहे, त्याला कारण आमचे आप्पा.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. निफाड तालुक्यात कादवेच्या काठी आमची शेती आहे. थोडी द्राक्षबाग, बाकी सोयाबीन, गहू, हरभरा. माझे वडील नोकरीसाठी नाशकात आले आणि इंदिरानगरात राहिले. धाकटे काका, म्हणजे तात्या, गावी शेती पाहू लागले. मी लहानपणी प्रत्येक सुट्टी गावी काढली. माजघरातल्या कुलुपाच्या कपाटात आप्पांची बंदूक उभी असे. एकनळी, बारा बोअर, मागून काडतूस घालण्याची. पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना त्यांनी १९७५ साली काढला होता.

बोअर म्हणजे काय, हे मला आप्पांनी तराजू समोर ठेवून समजावले होते. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. सुमारे साडेअठरा मिलिमीटर. म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो, हिची नळी आतून गुळगुळीत. काडतुसात एक गोळी नसून छर्रे असतात आणि तिथेही हिशेब उलटाच: नंबर मोठा तर छर्रा बारीक. पाखरांना सहा नंबरचा छर्रा पुरे. पस्तीस-चाळीस यार्डांपलीकडे नेम धरण्यात अर्थ नाही, कारण छर्रे पांगतात. मात्र तेच छर्रे दोनशे यार्डांवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यात जाऊ शकतात. ‘नेम चाळीस पावलांचा, जबाबदारी साऱ्या शिवाराची,’ असे आप्पा म्हणत.

बंदुकीला हात लावायची परवानगी घरातल्या मुलांपैकी फक्त मला होती, तीही साफसफाईपुरती आणि आप्पा शेजारी बसले असतानाच. माझ्या चुलतभावांना याचा राग येई. आधी बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीपाशी वाकवून नळी उघडायची. ती रिकामी आहे हे ठाऊक असले तरी उजेडाकडे धरून आरपार पाहायचे. मग गजाला चिंधी गुंडाळून तेलाचा हात फिरवायचा. काडतुसे बंदुकीच्या कपाटात कधीच नसत. ती आजीच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली आजीच्या कमरेला. त्यामुळे आप्पांना रागाच्या भरात बंदूक भरायची झालीच असती, तर आधी आजीला उठवावे लागले असते. ही व्यवस्था कोणाच्या डोक्यातून निघाली ते मला माहीत नाही; आजीच्याच, असा माझा कयास आहे.

आणि एवढे सगळे असून आप्पांनी पारवे मारले किती? माझ्या आठवणीत एकही नाही. ते बार काढीत तो हवेत. सोयाबीन उगवून वर येते तेव्हा दोन जाड दलांचा कोंब मातीतून डोके काढतो. पारव्यांचा थवा उतरला की ती दले खुडतो आणि तासाभरात ओळच्या ओळ बोडकी होते. आप्पा पहाटे बांधावर जात. एक बार, फार तर दोन. रोज जागा बदलून. एकाच ठिकाणाहून रोज आवाज झाला की चौथ्या दिवशी पारवे नुसती मान वळवून पाहतात आणि पुन्हा खाऊ लागतात. शिवाय काडतुसे मोजून मिळत. एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची याचे आकडे परवान्यावरच लिहिलेले असतात आणि दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद करतो.

पण आप्पांची खरी युक्ती बंदुकीची नव्हतीच. त्यांनी पारवे केले होते. सावरीच्या हलक्या लाकडाचे, बेताचे कोरलेले पंधरा पारवे. राखाडी रंग, पंखावर दोन काळे पट्टे, खाली खोचायला खिळा. ज्या शेतात पेरणी नाही तिथे, पेरलेल्या शेतापासून लांब, ते हे पारवे मांडीत आणि भोवती कीडके धान्य फेकीत. थवा आकाशातून आपले भाऊबंद खाताना पाहतो आणि तिकडे उतरतो. ‘पाखरू पाखराला बघून उतरतं, माणसाला बघून नाही.’ रंग द्यायचे काम माझ्याकडे असे. मांडायचे काम मात्र ते स्वतः करीत. सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे, कारण खरे पाखरू वाऱ्याकडे तोंड करून उतरते आणि तसेच चरते. फार जवळजवळ नाहीत, कारण भ्यालेला थवा दाटीने बसतो, पोटभर खाणारा ऐसपैस बसतो. आणि मधे मोकळी जागा, येणाऱ्याला उतरायला.

पुढे आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात शिकारीवरचे एक जुने इंग्रजी पुस्तक हाती लागले. त्यात विलायतेतले शेतकरी रानकबुतरांसाठी नेमकी हीच मांडणी करतात असे वाचले: घोड्याच्या नालाचा आकार, मधे रिकामी जागा. फरक इतकाच की त्या रिकाम्या जागेवर झुडपाआड लपलेल्याची बंदूक रोखलेली असते. आप्पांनी तीच विद्या पाखरू मारण्याऐवजी पाखरू वळवायला वापरली. आपल्याकडचे फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून ओरडायला लावत आणि भोवती फासे मांडत. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही माणसाळवलेल्या हरणाकरवी रानातली हरणे भुलवण्याचा प्रकार आहे. भुलवण्याची कला जुनीच आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा इंदिरानगरकरांना सातवाहन काही परके नाहीत आणि त्या हाल राजाच्या ‘गाथासप्तशती’त भाताच्या शेतातले पोपट हाकणाऱ्या राखणदारणी किती आहेत, हे मराठीच्या सरांनी वर्गात सांगितलेले सर्वांना आठवत असेल. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, तरी पीक राहत होतेच.

आता थोडे कायद्याचे. हे मी हौसेने शिकले नाही, शिकावे लागले.

नाशिक आणि बंदूक म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आठवते. विजयानंद नाट्यगृहात ‘शारदे’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. तेव्हा देशात १८७८ चा शस्त्र कायदा होता. त्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्याला सूट होती. आजचा कायदा १९५९ चा. त्यात शेतकऱ्यासाठी वेगळी तरतूद आहे: पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक. परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच झाली. त्याच दुरुस्तीने लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणे हा वेगळा गुन्हा ठरवला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या गावच्या वराती तेव्हापासून जरा शांत झाल्या आहेत. आणि पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. हरियाल हा तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी. त्याला आणि होल्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

आमच्या गावाला आणखी एक कलम लागू होते. नांदूर मधमेश्वर १९८६ साली अभयारण्य झाले, ते आमच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर नसले तरी दहा किलोमीटरच्या आत आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव नोंदवायचे असते आणि तिथे नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. आप्पांनी नाव नोंदवले होते. हिवाळ्यात नांदूरला बदके उतरतात तेव्हा ते बंदूक कपाटाबाहेरही काढीत नसत.

आप्पा २०२४ च्या आषाढात गेले. ऐंशी वर्षांचे होते, शांतपणे गेले.

तिसऱ्या दिवशी वडिलांनी तात्यांना सांगितले की बंदूक ठाण्यात जमा करायची. भावकीतले एकजण म्हणाले, ‘सुतक फिटू द्या, काय घाई आहे? घरातली वस्तू घरात.’ वडील म्हणाले, ‘सुतक माणसांना असतं, कायद्याला नसतं.’ ते बरोबरच होते. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. तो माणूस गेला की घरातल्या कोणाच्याही हाती ती बंदूक बेकायदा ठरते. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यायची. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल आता किमान दोन वर्षे कैद आहे. वाचकांपैकी कोणाच्या गावच्या घरी आजोबा-पणजोबांची बंदूक भिंतीवर टांगलेली असेल, तर तिचा कागद कोणाच्या नावावर आहे एवढे दिवाळीच्या सुट्टीत जरूर पाहावे.

वारसाला परवाना मिळू शकतो. किंबहुना धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली की जिवंतपणीच वारसासाठी अर्ज करता येतो. आप्पांना वडिलांनी दोनदा सुचवले होते. ‘अजून मी हाये ना,’ हे उत्तर. आता तात्यांना अर्ज करायचा होता. त्यासाठी बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला, आणि बाकीच्या वारसांचे ना हरकत प्रतिज्ञापत्र: माझे वडील आणि दोन्ही आत्या. आत्यांनी लगेच सह्या केल्या. कागद आमच्याकडे इंदिरानगरला आला आणि वडिलांच्या टेबलावर पडून राहिला.

२०२३ च्या नोव्हेंबरातल्या गारपिटीने निफाडच्या द्राक्षबागा झोडपल्या होत्या. आमचीही गेली होती. कर्ज होते. तात्या पूर्वी बोलके होते, त्या वर्षानंतर रात्री ओट्यावर एकटे बसून राहू लागले. एका रविवारी दुपारी काकूंचा फोन आला. वडील आंघोळीला गेलेले, म्हणून फोन मी घेतला आणि त्यांना दिला. काकू एवढेच बोलल्या, ‘दादा, तेवढ्या कागदावर सही नका करू.’ वडिलांनी कारण विचारले नाही. ‘बरं,’ म्हणाले आणि फोन ठेवला.

डॉक्टर दहा मिनिटे पाहून दाखला देतात. काकू रोज रात्रभर पाहत होत्या. पण त्या वारस नव्हत्या, म्हणून कागदावर त्यांच्या सहीसाठी जागा नव्हती. हे मला तेव्हा खटकले आणि आजही खटकते.

तात्या दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत. ‘शहरात राहून शेताची राखण कळत न्हाई,’ असा निरोप तेवढा आला. जमा केलेली बंदूक ठरलेल्या मुदतीत परत घेतली नाही वा विकली नाही तर सरकारजमा होते, म्हणून काहीतरी ठरवणे भागच होते. दिवाळीनंतर तात्या स्वतःच आले. चहा झाला. मग म्हणाले, ‘विकून टाकू. मला ती समोर नको.’ वडील काहीच बोलले नाहीत. नुसते उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघे भाऊ बराच वेळ तसेच होते, आणि मी स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन उभी राहिले.

रीतसर परवानगीने बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे गेली. आलेल्या पैशांत बागेच्या जाळीचा एक गुंडाळाही आला नाही, जाळी कर्जातूनच घेतली. तात्यांनी तालुक्याच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला जायला सुरुवात केली. काकू बरोबर जातात. हा लेख छापायला देण्याआधी मी तो दोघांना वाचून दाखवला. काकू मान खाली घालून ऐकत होत्या. तात्या म्हणाले, ‘लिही. अजून चार घरांत असंल असं.’

यंदा मृगात सोयाबीन पेरले. उगवण झाली त्या दिवशी पहाटे तात्यांचा फोन आला. माळ्यावरून त्यांनी लाकडी पारवे उतरवले होते. पंधरांतले अकरा धड निघाले, दोघांच्या चोची उंदरांनी कुरतडलेल्या. पलीकडच्या पडीक तुकड्यात ते घेऊन उभे होते आणि विचारत होते, तोंडं कुणीकडं करायची गं?

वाऱ्याकडे, मी म्हटले. त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता.