उन्हाचा उशीर

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनल बसले, त्या वर्षी सासूबाईंच्या कुरडयांना जागा उरली नाही. पॅनलच्या रांगांच्या मधल्या बोळकांडीत त्यांनी साडी अंथरून पाहिली, पण तासाभरात सावली सरकत आली आणि कुरडया दमट राहिल्या. "अगं, सगळं ऊन त्या काचांनीच खाल्लं," त्या म्हणाल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरींनी लिफ्टचं आणि पाण्याच्या पंपाचं बिल कसं खाली येणार ते नीट समजावून सांगितलं. मी घरी येऊन ते सासूबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी विचारलं, "आणि माझ्या वाळवणाचं बिल कधी आलं होतं?"

कधीच आलं नव्हतं. देशाच्या ऊर्जेचे तक्ते निघतात त्यात कोळसा असतो, तेल असतं, आता सौर आणि पवनही असतात. पण कुरडया, सांडगे, मिरच्या, उरण-पेणच्या मिठागरांतलं मीठ, वसईकडे बांबूच्या वलांडीवर टांगलेले बोंबील आणि दोरीवरचे आपले सगळ्यांचे कपडे ज्या उन्हाने वाळतात, त्याचा रकाना त्या तक्त्यांत नसतो. मीटरमधून गेलेलं ऊन तेवढं ऊर्जा ठरतं. बाकीचं नुसतं ऊन.

पॅनल मात्र मला आवडतात. त्यांत काही फिरत नाही, काही जळत नाही. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडतो, आतले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि वीज वाहू लागते. पडलेल्या उन्हाचा पाचवा हिस्सा हाती आला तरी पॅनल चांगलं म्हणायचं. आपल्याकडे एक किलोवॉटच्या पॅनलमधून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. गंमत म्हणजे या काचांना ऊन हवं असतं, उष्मा सोसत नाही. त्या तापल्या की वीज घटते, त्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्यातली भाजून काढणारी दुपार त्यांना वाटते तितकी मानवत नाही. फेब्रुवारीतला स्वच्छ, गार वाऱ्याचा दिवस जास्त लाभतो. कुरडयांचं गणित नेमकं उलटं आहे.

सूर्यावरून निघालेला प्रकाश आपल्या गच्चीवर पोचायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. त्याआधीची रखडपट्टी वेगळी. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होताना जी ऊर्जा सुटते, ती धडपडत पृष्ठभागावर यायला हजारो वर्षं जातात. म्हणजे ताजं ऊनही तसं शिळंच. हे कळल्यापासून ऊर्जेची सगळी नावं एकाच मापाने तपासून बघायची मला सवय लागली आहे: ऊन पडलं त्याला आणि ते आपल्या कामी आलं त्याला, मध्ये किती उशीर झाला?

पॅनलवर उशीर नाही. उन्हाची तिथल्या तिथे वीज होते. वाऱ्यात थोडा उशीर आहे. उन्हाने जमीन तापते, समुद्र सावकाश तापतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला दुसरी हवा धावत येते. किनाऱ्यावर हा खेळ रोज दुपारचा. उपखंडाच्या मापाने पाहिलं तर एप्रिल-मे दोन महिने जमीन तापत राहते, आणि जूनमध्ये आख्खा अरबी समुद्र ओलांडून वारा येतो. आपण त्याच्याकडे पाऊस आणणारा म्हणूनच बघतो. साताऱ्याच्या पठारांवर तो आधी दुसरं काम करतो.

पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर मी मे महिन्याच्या शेवटी गेले होते. गवत वाळून भुरं झालेलं, झाड औषधालाही नाही आणि नजर जाईल तिथवर पवनचक्क्या. लांबून त्या संथ वाटतात. बुंध्याशी उभं राहिलं की पातं डोक्यावरून खाली येताना सप्पकन आवाज होतो आणि त्याची सावली गवतावरून, आपल्या अंगावरून निघून जाते. परत येते. बुंध्याला लोखंडी दार, दाराला कुलूप. खरी मौज गुरांची होती. माळावर दुसरी सावलीच नसल्याने म्हशी मनोऱ्याच्या सावलीच्या पट्ट्यात एकीमागे एक ओळीने उभ्या होत्या. सावली सरके तशी ती ओळही सरके. राखणीला बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, यांचा त्रास होतो का? ते म्हणाले, "आवाजाचं काय, सवय झाली. पण फॅन जोरात फिराया लागला की आम्ही लाकडं आत घेतो. पाऊस आला म्हणायचा."

वाऱ्याचा हिशेब तिखट असतो. वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून मनोरे उंच करायचे आणि पाती लांब. घाटाच्या वळणावर एकेका पात्याचा ट्रेलर पुढे-मागे होत वाट काढतो तेव्हा मागे एसट्यांची रांग लागते ती याचसाठी. आणि कितीही चांगली चक्की केली तरी वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने साधारण शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की 59 टक्क्यांच्या पुढे जाताच येणार नाही. सगळीच काढली तर वारा चक्कीपाशीच थबकेल आणि मागून येणाऱ्याला वाट मिळणार नाही. निसर्गाने घातलेल्या सगळ्या मर्यादांत मला ही फार समजूतदार वाटते.

त्याच पठाराच्या कडेला आलं की खाली कोयनेचा शिवसागर दिसतो. इथे उशीर महिन्यांचा. समुद्राचं पाणी उन्हाने वर गेलं, वाऱ्याने सह्याद्रीपर्यंत आणलं, नवजा-महाबळेश्वरच्या डोंगरांवर कोसळलं आणि धरणात अडून बसलं. अडवलं नसतं तर ते कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागराला गेलं असतं. आपण त्याला बोगद्यातून उलटं पश्चिमेला वळवतो. पोफळीला ते चारशे मीटरहून जास्त खाली झेपावतं, जनित्रं फिरवतं आणि शेवटी वाशिष्ठीतून चिपळूणकडे, म्हणजे आलं त्याच समुद्राकडे निघून जातं. कृष्णा लवादाने या वळवण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. वर्ष मोजायचं 1 जूनपासून. एप्रिल उजाडला की आमच्याकडच्या पेपरात किती टीएमसी वापरलं आणि किती उरलं याच्या बातम्या येऊ लागतात.

हा उशीर फुकट मात्र मिळालेला नाही. कोयनेसाठी उठलेल्या गावांतली माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडे विखुरली. त्यांच्या मुला-नातवंडांचे मोर्चे अजून निघतात. त्याच्याही आधी मुळशी. 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. शेवटी धरण झालं, भिऱ्याला वीज झाली, मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्या विजेला धूर नव्हता हे खरंच. पण 'स्वच्छ ऊर्जा' हे शब्द भाषणात ऐकले की मला आधी मुळशी आठवते. वाऱ्याच्या पठारांवरही कोणाची जमीन किती भावाने गेली याच्या गोष्टी चहाच्या टपरीवर निघतातच.

ऊस म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा उशीर. कराडच्या बाजूला गुऱ्हाळावर गेलात तर काहिलीकडे बघू नका, खाली चुलवाणाकडे बघा. कालच्या उसाचं वाळलेलं चिपाड आजचा रस आटवत असतं. बाहेरून जळण आणावं लागत नाही. साखर कारखाने आता हेच मोठ्या प्रमाणावर करतात. बगॅस जाळून स्वतःपुरती वीज करतात, उरलेली विकतात. पुढाऱ्यांनी त्याला सहवीजनिर्मिती असं भारदस्त नाव दिलं. गुळव्याला हे करताना नावाची गरज पडली नव्हती.

मामाकडे गोबरगॅस होता, तो मात्र मी जवळून पाहिलेला. अंगणात विटांची गोल विहीर, तीत लोखंडी डोम उपडा घातलेला. सकाळी मामी शेण आणि पाणी सारखं घेऊन हाताने कालवायची, काड्या-कुड्या वेचून काढायची आणि ते कुंडीतून आत सोडायची. आत हवेशिवाय जगणारे जिवाणू ते महिना-सव्वा महिना पचवत राहतात. गॅस साठला की डोम वर उचलला जायचा. पाहुणे आले की मामी आधी खिडकीतून डोम किती वर आलाय ते बघायची आणि मग ठरवायची, नुसता चहा की कांदेपोहेही. थंडीत जिवाणू सुस्तावायचे, डोम जागचा हलायचा नाही. मग शेण कोमट पाण्यात कालवायचं आणि संध्याकाळी चूल पेटवायची. हे तंत्र आपल्याकडे जुनं आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून दिवे लावल्याची नोंद 1897 ची आहे. मामाचा डोम पुढे गंजला, सिलिंडर आला, विहिरीत आता पाला पडतो. म्हशी विकल्या हे त्यामागचं खरं कारण. शेणच नाही तर गॅस कुठून?

आणि मग कोळसा. तोही ऊनच. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीतल्या झाडांनी पानांत धरलेलं, गाडलं गेलेलं, दबलेलं ऊन. वणी-चंद्रपूरच्या खाणींतून ते वर येतं आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जळून जातं. त्याच्यात आणि चिपाडात फरक आहे तो उशिराचा. चिपाड जाळलं तर पुढच्या हंगामात नवा ऊस उभा राहतो आणि जाळताना सुटलेला कार्बन परत ओढून घेतो. कोळशाचं जंगल परत उभं राहायला आपल्यापाशी तेवढी कोटी वर्षं नाहीत. शाळेच्या पुस्तकात नवीकरणीय आणि अनवीकरणीय असे दोन रकाने असतात. मला वाटतं, दोन्हींत सूर्यच आहे. माणसाच्या आयुष्यात परत येणारा पहिल्या रकान्यात, न येणारा दुसऱ्यात.

उन्हाशी संबंध नसलेलेही आहेत दोघे. मुंबई-गोवा रस्त्यावर तुरळला थांबून गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडले तर ती ऊब पृथ्वीच्या पोटातली असते. काही तिच्या जन्माच्या वेळची, काही खडकातल्या किरणोत्सर्गाची. आइसलंडची घरं असल्या उष्णतेवर ऊबदार राहतात. आपली कुंडं अंघोळीपुरती. दुसरी भरती-ओहोटी. तिच्यातला मोठा वाटा चंद्राचा. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी 1966 पासून भरतीवर वीज होते. आपल्याकडे खंबातच्या आखातात ती शक्यता आहे असं मी लहानपणापासून वाचते आहे.

प्रश्न पुन्हा वेळेशीच येऊन थांबतो. ऊन दुपारी भरात असतं आणि गावं-शहरं दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी लावतात संध्याकाळी सातला. पावसाळ्यात पॅनल मंदावतात तेव्हा वनकुसवड्याची पाती जोरात असतात, हा निसर्गाचा चांगुलपणा. पण रोजच्या संध्याकाळचं काय? तिथे कोयना कामाला येते. जनित्र काही मिनिटांत सुरू करता येतं, म्हणून दिवसा पाणी राखायचं आणि दिवेलागणीला सोडायचं. घाटघरला तर विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी परत खाली सोडतात. पाणी तेच, वर-खाली करत राहतं. हा मुद्दाम घडवून आणलेला उशीर. बॅटऱ्याही हेच करतात.

शेतकऱ्याच्या वाट्याला उलटा उशीर आला होता. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आलटून-पालटून दिवसा आणि रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मामेभाऊ बारा वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघायचा आणि पहाटेपर्यंत उसात दारं धरायचा. सापाची भीती होतीच, पुढे बिबट्याची भर पडली. राज्य सरकारच्या सौर कृषी योजनांची जाहिरात काही असो, गावात त्यांचं एकच मोल आहे: दिवसा पाणी. गेल्या वर्षी त्यानेही दहा टक्के भरून सौर पंप घेतला. आता तो रात्री झोपतो. वहिनी म्हणते, "घोरतोय, पण घरात घोरतोय."

नवं भांडण सुरू झालं आहे ते विहिरीवर. विहीर सामाईक, हिस्सेदार चौघे, चौघांनीही पंप घेतले. जुन्या पाळ्या महावितरणच्या वेळापत्रकावर बेतलेल्या होत्या, त्या मोडीत निघाल्या. आता सगळ्यांना अकरा ते दोनच हवेत, कारण पाण्याची धार तेव्हा भरघोस असते आणि सकाळी आठला पंप नुसता खोकतो. चारही मोटरी एकदम लागल्या की तासाभरात विहिरीचा तळ दिसतो, आणि बिल येणार नसल्याने मोटर आधी कोण बंद करणार? गुढीपाडव्याला पारावर बैठक बसली. दुपारचे तास आळीपाळीने वाटून घ्यायचे ठरलं. धाकट्या चुलत्याने कायमची सकाळची पाळी पत्करली, पण अटीवर: पॅनलला रोज पाणी मारून धूळ काढायची ती बाकी तिघांनी, आणि उन्हाळ्यात आठवड्यातला एक पुरा दिवस विहीर त्याची एकट्याची. कागद लिहून झाला. सह्या मात्र अजून तिघांच्याच आहेत.