चंद्रोदय ९ वाजून १७ मिनिटांनीं

जेवणाची वेळ आकाशाकडे पाहून ठरविण्याची संवय आमच्या घराला नवीन नाहीं. संकष्टीच्या रात्रीं गच्चीवरून "दिसला, दिसला!" अशी मुलांची हांक आली म्हणजे मग खालीं पानें मांडावयाचीं, हा परिपाठ आम्ही जाणते झाल्यापासून पाहत आलों आहों. परंतु माणसांनीं उडविलेल्या दारूकामाच्या घटकेवर एका कुटुंबाचें जेवण बसविण्याचा प्रसंग आमच्यावर प्रथम अमेरिकेंत आला, आणि त्यांत जी फजिती झाली तिचा दोष सर्वस्वीं आमचा आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

आमचा पुतण्या तिकडे सहकुटुंब राहतो. मागें एका हिवाळ्यांत त्यानें आजीला, म्हणजे आमच्या ८३ वर्षांच्या मातोश्रींना, फ्लॉरिडांतील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड दाखविण्याचा घाट घातला. मातोश्रींचा एक डोळा काचबिंदूनें गेलेला, आणि दुसऱ्याचा भरंवसा डॉक्टर देत नव्हते. "काका, जें दाखवायचें तें आतांच," एवढेंच तो फोनवर म्हणाला. त्यावर वाद घालण्यासारखें कांहीं नव्हतें.

१ ऑक्टोबर १९७१ रोजीं उघडलेल्या या विस्तीर्ण नगरींतील सर्वांत जुनें उद्यान मॅजिक किंग्डम. तेथील सिंड्रेलाचा वाडा १८९ फूट उंच आहे. रात्रीं त्याच्या माथ्यावर जें दारूकाम होतें त्याचें नांव 'हॅपिली एव्हर आफ्टर'. हा खेळ १२ मे २०१७ रोजीं सुरू झाला, २०२१ त बंद पडला, आणि ३ एप्रिल २०२३ पासून पुन्हा सुरू झाला. सारा मिळून सुमारें १८ मिनिटांचा. पण या १८ मिनिटांसाठीं जाणकार लोक जो खल करतात, तो पाहून लग्नाचा मुहूर्त काढणें सोपें वाटावें. खेळाची वेळ बारमास एक नसते. उन्हाळ्यांत तेथें सूर्यच सव्वाआठानंतर मावळतो, मग अंधार पडावयाचा केव्हां? शिवाय वाड्याच्या भिंतीवर हलतीं चित्रें टाकतात, तीं समोरच्या रस्त्यावरूनच नीट दिसतात. आणि तेथें जागा हवी तर तासभर आधीं जाऊन उभें राहावें लागतें. मुलांना तें चालतें. मातोश्रींचे गुडघे तें चालवून घेणारे नव्हते.

म्हणून पुतण्यानें निवडलें तें कंटेंपररी हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावरील 'कॅलिफोर्निया ग्रिल' हें भोजनगृह. (या हॉटेलच्या पोटांतून मोनोरेल आरपार जाते, आमच्या मतें सबंध नगरींत पाहण्यासारखी वस्तु ती हीच.) खेळ सुरू होतांच येथें आंतले दिवे मंद करतात आणि खेळाचें संगीत ऐकवितात. बाहेर उघडी गच्चीही आहे. लवकर जेवून गेलेल्यांनीं पावती दाखविली तर त्यांनाही खेळाच्या वेळीं परत वर घेतात. परंतु ऐन खेळाच्या वेळचें टेबल मिळालें तरी खिडकीजवळचें मिळेल असें नाहीं, आणि तोंडांत घांस असतांना गच्चीवर धांवावें लागतें. ठरल्या दराचें तीन वाढपांचें जेवण सावकाश दीड तास चालतें. तेव्हां नऊच्या खेळाला साडेसाताचें टेबल, हें पुतण्याचें गणित. तें चोख होतें.

चूक आमची झाली ती पुढें. टेबल ६० दिवस आधीं राखून ठेवतां येतें, आणि ही खिडकी उघडते तिकडच्या पहांटे सहा वाजतां. पहांटे सहाला तिकडे मुलांच्या शाळेची गडबड, आणि पुण्यास त्या वेळीं दुपारचे साडेचार. म्हणून हें काम आमच्याकडे आलें. आम्ही चहाचा पेला बाजूला सारून, चष्मा पुसून बसलों. भिंतीवरील दिनदर्शिका पाहिली. माघ वद्य चतुर्थी, संकष्टी, रविवारीं. तेव्हां शनिवारचें टेबल घेतलें, सात माणसांचें, आणि मोठ्या समाधानानें चहा प्यालों.

फ्लॉरिडास पोंचल्यावर शनिवारच्या तीन दिवस आधीं सूनबाईंनीं मोबाईलवर तेथील पंचांग उघडलें. त्या म्हणाल्या, "काका, येथें संकष्टी शनिवारीं आहे."

आम्हीं प्रथम हंसण्यावारी नेलें. मग कागद घेऊन बसलों. चतुर्थी लागण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीला एकच. पुण्यांत तो शनिवारीं मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे चंद्र उगवून गेल्यावर, येत होता. म्हणून तेथें संकष्टी रविवारची. परंतु तोच क्षण फ्लॉरिडांत शनिवारच्या भर दुपारीं. त्या रात्रीं चंद्र उगवेल तो चतुर्थीचाच, ९ वाजून १७ मिनिटांनीं. टेबल साडेसातचें!

उशिराचें टेबल शिल्लक नव्हतें. "आई, परदेशांत एवढें कोण पाहतो?" असें आम्ही बोलून गेलों. मातोश्रींनीं उत्तर दिलें नाहीं. राजगिऱ्याचे दोन लाडू रुमालांत बांधले आणि पिशवींत टाकले. पुतण्याचा चेहरा पाहवेना. आजीसाठींच सारा खटाटोप, आणि आजीच रिकाम्या ताटासमोर बसणार.

त्या रात्रीं सहा माणसें जेवलीं, पण चवीनें एकही नाहीं. सूनबाईंनीं वाढणाऱ्या बाईंना हळूच समजावून सांगितलें. आश्चर्य असें कीं त्यांना तें समजावयास दोन वाक्येंही लागलीं नाहींत. "चंद्र दिसल्यावर ताट आणूं," असें त्या म्हणाल्या.

नऊला आम्ही गच्चीवर होतों. वाड्यावरून टिंकर बेल नांवाची परी दोरावरून तरंगत जाते ती मुलांना दिसली. आम्हांला दिसली नाहीं. चित्रेंही येथून दिसत नाहींत, हें सांगून ठेवावयास हवें. परंतु आकाशांतलें सारें दिसतें. मातोश्री पुतण्याचा हात धरून उभ्या होत्या, आणि मोठा बार फुटला कीं तो हात घट्ट होत होता. "हिरवें दिसलें," त्या मधून मधून सांगत, "आतां पांढरें." आवाज थांबले तशी लोकांनीं आंत जावयास गर्दी केली. त्यांनीं विचारलें, "पूर्व कोणती रे?"

उद्यान पश्चिमेकडे, बे लेक हें सरोवर पूर्वेकडे. आम्ही पूर्वेकडील कठड्याशीं जाऊन थांबलों. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं. मग पाण्यापलीकडील झाडांवर एक तांबूस तुकडा वर सरकला. मातोश्रींनीं बराच वेळ डोळा बारीक करून पाहिलें.

"हा त्यांनीं उडविलेला, कीं आपला?"

"आपला, आजी," पुतण्या म्हणाला. त्याला पुढें बोलवलें नाहीं. पेल्यांतलें पाणी ओंजळींत घेऊन त्यांनीं तेथेंच अर्घ्य दिलें. तें आमच्या बुटावर पडलें. आंत गेलों तों साधा भात आणि परतलेल्या भाज्या असें ताट वाफाळत समोर आलें. त्या पोटभर जेवल्या, आणि धाकट्या पणतीला मोदकाऐवजीं राजगिऱ्याचा लाडू दिला.

रविवारीं सकाळीं पुण्याहून वडील बंधूंचा फोन. "आज संकष्टी. आईला उपवासाचें कांहीं मिळालें ना?"

मातोश्री समोर बसून इडली खात होत्या.