हेगच्या कोर्टातली पायवाट

गोव्यात माणसं सगळ्यात जास्त कशावरून भांडतात, असं मामलेदार कचेरीतल्या कारकुनाला विचारा. तो म्हणेल, वाटेवरून. भाटाच्या कडेनं जाणारी पायवाट, शेताच्या बांधावरून घरापर्यंत येणारी वाट, विहिरीकडे उतरणारी वाट... एक दिवस कुणीतरी तिथं फाटक घालतो आणि प्रकरण कचेरीत येतं. अशा वेळी जमीन कुणाची, हा प्रश्न बऱ्याचदा बाजूलाच राहतो. विचारायचं ते असं : किती वर्षं चालताय? सतत चालताय का? आणि दर वेळी मालकाला विचारून जात होता, की हक्कानं? या तिसऱ्या प्रश्नावर भल्याभल्यांची तोंडं बंद होतात.

हेच तीन प्रश्न एकदा थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात निघाले होते. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत. आंतरराष्ट्रीय संबंध म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे क्षेपणास्त्रं आणि शिखर परिषदा येतात. मला हा खटला आठवतो. आपल्या इथल्या एका वाटेचा होता म्हणून, आणि त्यात एक अस्सल मराठी शब्द मध्यभागी होता म्हणूनही.

दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीज इंडियाचेच तुकडे, दमणच्या अखत्यारीतले. पण चारी बाजूंनी भारताची जमीन. दमणहून तिथं जायचं तर भारतातूनच जावं लागे. १९५४ च्या जुलैत दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, गोव्यातले इतर गट, सगळे त्यात होते. सुधीर फडकेही होते. होय, आपले बाबूजीच! (गीतरामायण आकाशवाणीवर सुरू झालं ते पुढच्या वर्षी.) पोर्तुगालला आपली माणसं तिकडे पाठवायची होती, भारतानं वाट अडवली.

पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. १९ डिसेंबरला त्यानं हेगच्या न्यायालयाची सक्तीची अधिकारिता मान्य केली आणि २२ डिसेंबरला भारतावर दावा ठोकला! सरकारी कामाचा असा वेग मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही. (१९ डिसेंबर ही तारीख सहा वर्षांनी त्यांना वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहायची होती.)

भारतानं सहा प्राथमिक हरकती घेतल्या. १९५७ मध्ये न्यायालयानं त्यांतल्या चार फेटाळल्या, दोन मुख्य सुनावणीसाठी ठेवल्या. तरीही भारत उठून गेला नाही. सेटलवाडांनी बाजू मांडली, भारताकडून नेमलेले न्यायाधीश म्हणून एम. सी. छागला बसले. नवा देश, ताजी जखम, समोर सालाझारची राजवट. तेव्हा 'आम्ही नाही मानत तुमचं कोर्ट' म्हणणं किती सोपं होतं, याचा विचार करावा.

आता तो शब्द. पोर्तुगालचं म्हणणं, हे परगणे आम्हाला पेशव्यांनी दिले. १७७९ चा पुण्याचा तह, १७८३ आणि १७८५ च्या सनदा. म्हणजे मुलूख आमचा, आणि मुलूख आमचा तर तिथवर जाण्याची वाटही आमची. न्यायालयानं तहाचे वेगवेगळे पाठ तपासले आणि ठरवलं, की पेशव्यांनी दिला तो वर्षाला १२,००० रुपयांचा महसूल. जहागीर किंवा सरंजाम. अशा देणगीचा अर्थ मुलखाचं सार्वभौमत्व देणं असा कधी झाला, याचं एकही उदाहरण न्यायालयापुढे आलं नाही. पुण्याच्या दफ्तरातला 'सरंजाम' पावणेदोनशे वर्षांनी नेदरलँड्समध्ये न्यायाधीशांच्या तोंडी आला, आणि बरोबर अर्थानं आला. सरंजामदार वसूल खातो, जमिनीचा धनी होत नाही, हे आपल्याकडच्या जुन्या तलाठ्याला कुणी सांगावं लागलं नसतं.

पण गोष्ट इथं संपत नाही. मराठ्यांच्या जागी १८१८ मध्ये इंग्रज आले. त्यांनी पाहिलं, की पोर्तुगीज तिथं धनी म्हणूनच वावरताहेत. त्यांनी हरकत घेतली नाही. नंतर भारतही बराच काळ गप्प राहिला. त्या गप्प राहण्यातून पोर्तुगालचं सार्वभौमत्व मान्य झाल्यासारखं झालं, असं न्यायालय म्हणालं. कागदावर जे मिळालं नव्हतं ते शेजाऱ्याच्या मौनानं मिळालं. कचेरीत हे मी रोजच पाहतो.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल सव्वाशे वर्षांहून जास्त काळ विनाअडथळा ये-जा करत आले, म्हणून तेवढ्यापुरता पोर्तुगालचा वाटेचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. दोनच देशांमध्येसुद्धा रूढी तयार होऊ शकते, हे तत्त्व त्यात आलं. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांचं काय? तिथं आमचा तिसरा प्रश्न आडवा आला. १८७८ च्या करारापासून त्यांच्यासाठी परवानगी मागावी लागे. मागावी लागते तो हक्क कसला! ८ विरुद्ध ७ मतांनी तो दावा पडला. आणि १९५४ मधल्या तणावात भारतानं वाट अडवली त्यात कर्तव्यभंग झाला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरलं.

या साऱ्यात मला खटकतं ते एकच. वारली, कोकणा, धोडिया ही तिथली माणसं निकालात कुठंच नाहीत. त्यांना काय हवं, हा प्रश्न कुणी न्यायालयापुढे ठेवलाच नव्हता. तोवर वरिष्ठ पंचायत तिथला कारभार हाकत होती, १९५४ ते १९६१. शेवटी बदलानी नावाच्या भारतीय सनदी अधिकाऱ्याला एका दिवसाचा पंतप्रधान करून विलीनीकरणाच्या कागदावर सही घेतली. माझ्यासारख्याला हा प्रसंग कुठल्याही लढाईपेक्षा रोमांचक वाटतो!

त्याच वर्षी डिसेंबरात गोव्यात फौज आली. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला सात मतं पडली, सोव्हिएत नकाराधिकारानं तो अडला. मला त्या फौजेबद्दल खंत नाही. आपल्या ताब्यातल्या अस्वशासित प्रदेशांची माहिती द्या, असं संयुक्त राष्ट्रांनी विचारलं, तेव्हा 'असा प्रदेशच नाही, हे सगळे आमचे प्रांत' असं उत्तर पोर्तुगालनं दिलं होतं. कचेरीच्या भाषेत निरंक अहवाल. अख्खा गोवा निरंक! अशा राज्याकडे आणखी किती अर्ज करायचे?

पण मग आपलं काय, हेही विचारायला हवं. न्यायालयाची अधिकारिता मानणाऱ्या आपल्या जाहीरपत्रात पुढं अपवाद वाढत गेले. १९७४ च्या पत्रात राष्ट्रकुल देशांशी असलेले वाद वगळलेले होते. १९९९ मध्ये पाडलेल्या विमानावरून पाकिस्ताननं दावा केला, तो त्याच कलमावर २००० साली अधिकारितेअभावी थांबला. उलट २०१७ मध्ये कुलभूषण जाधवांसाठी आपण व्हिएन्ना कराराच्या आधारे हेगला गेलो आणि १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी जिंकलो. सुटकेचा आदेश मिळाला नाही, पण वकिलातीच्या भेटीचा हक्क आणि शिक्षेचा फेरविचार मिळाला. आमच्या कचेरीतसुद्धा त्या दिवशी पेढे वाटायची भाषा झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरात भारतानं न्यायालयाकडे नवं जाहीरपत्र दिलं. अपवादांची यादी लांबलचकच आहे, आणि राष्ट्रकुलाचं फाटक त्यातही जागच्या जागी आहे.