मुंगसाचं नाव

जबलपूरच्या गढ्यातल्या मराठी घरांना एका प्राण्याची दोन नावं येतात. अंगणात असेपर्यंत ते मुंगूस असतं, फाटक ओलांडून गल्लीत गेलं की नेवला. मदनमहालाच्या टेकडीपासून देवतालापर्यंत ग्रॅनाइटचे धोंडे असे एकावर एक पडलेत की त्याला राहायला कपारींची कधी वाण नव्हती. श्रावणातली झड थांबून ऊन पडलं की ते अंग वाळवायला बाहेर येतं. राखाडी, भरड केसांचं, तांबूस डोळ्यांचं. दोन पावलं पळतं, थांबतं, मागच्या पायांवर उभं राहून वास घेतं. शेजारची मुलं "नेवला, नेवला" करत धावतात आणि आमच्याकडची म्हातारी माणसं ओसरीवरून हात जोडतात. मुंगसाचं तोंड दिसलं की काम होतं, ही समजूत त्यांनी नागपूरकडून येताना बरोबर आणलेली. लहानपणी आम्ही मुलंही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगत असू. ते खरंच वळून बघायचं.

मराठी माणसं इथे आली ती सत्तेच्या आणि नोकरीच्या वाटेनं. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंडांचं गढा-मंडल्याचं राज्य घेतलं, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि 1817 मध्ये इंग्रजांकडे. नंतर रेल्वे आली, तोफगाड्यांचा कारखाना आला, कचेऱ्या आल्या. घरं बदलली, अन्न बदललं, बोलण्याचा हेल तर पार बदलला. मुंगूस मात्र मुंगूसच राहिलं. मला याचं नवल वाटतं, कारण नेवला हा शब्द सतत कानावर पडतो आणि त्याचं कुळ मोठं आहे. संस्कृतातला नकुल प्राकृतातून घासत घासत नेवला झाला. गुजरातीत तो नोळियो, बंगालीत नेउल. पांडवांपैकी चौथ्याचं नावही तेच. उत्तरेनं नकुलाला जपलं. मराठीनं आपला शब्द दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडून घेतला. तेलुगूत ते मुंगिस, कन्नडमध्ये मुंगुसी. म्हणजे ज्या शब्दाला आम्ही गढ्यात राहून आपला म्हणून घट्ट धरून बसलो, तो आपल्याकडेही पाहुणा म्हणूनच आला होता. मला हे कळलं तेव्हा तो शब्द जास्तच आवडू लागला.

आणि तो आपल्याकडे थांबला तरी कुठे? किनाऱ्यावर त्याला जहाजं भेटली. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्तांच्या ग्रंथात सापाशी लढणारा हा प्राणी आहे, पण तिथे त्याचं नाव मलबारकडचं आहे, तमिळ 'कीरिप्पिळ्ळै'चं पोर्तुगीज कानांनी ऐकलेलं रूप. त्यातल्या 'पिळ्ळै'चा अर्थ लेकरू. खारीलाही तमिळ माणूस तसंच लाडानं 'अणिल्पिळ्ळै' म्हणतो. ते लाडकं नाव पुढे टिकलं नाही. टिकलं ते आपल्या बाजूचं. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1673 मध्ये मुंबईला उतरला, पुढे जुन्नरपर्यंत जाऊन आला, आणि 1698 मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात 'मंगूस' हा प्राणी फेरेटचा नातलग म्हणून हजर आहे. इंग्रजी कोश या शब्दाचा माग काढत मराठी-कोकणीपर्यंत येतात आणि तिथून मागे तेलुगू-कन्नडकडे बोट दाखवतात. इंग्रजांनी त्याच्या शेपटाला आपल्या ओळखीचा 'गूस' जोडून घेतला, बदकाच्या जातीशी याचा काही संबंध नसताना. फ्रेंचात ते मांगूस्त झालं, इटालियनमध्ये मांगुस्ता, जर्मनमध्ये मुंगो, रशियनमध्ये मंगूस्त, जपानीत मांगूसू. युरोपला इजिप्तच्या मुंगसासाठी ग्रीकांनी दिलेलं 'इक्न्यूमॉन' हे नाव दोन हजार वर्षं ठाऊक होतं. पंडितांनी ते बराच काळ वापरलंही. बोलणाऱ्यांनी कोकणपट्टीचं नाव उचललं.

मग शास्त्रज्ञांचा काळ आला आणि नाव भलत्याच अंगावर जाऊन बसलं. 1766 मध्ये लिनियसनं मादागास्करच्या एका लेमूरला 'मोंगोझ' म्हटलं. झाडावर राहणारा, फळं-फुलं खाणारा तो गरीब प्राणी आजही इंग्रजीत मंगूस लेमूर आहे. 'मुंगोस' हे गणाचं नाव 1795 मध्ये तयार झालं. आज ते आहे आफ्रिकेतल्या पट्टेरी मुंगसाकडे, जे टोळीनं राहतं आणि आपल्या अंगणात कधी आलेलं नाही. गढ्याच्या धोंड्यांवर उभं राहणारं आपलं राखी मुंगूस शास्त्राच्या वहीत 'ऊर्व्हा एडवर्ड्सी' आहे. त्याच्या स्वतःच्या नावाचा त्याच्या शास्त्रीय नावात मागमूस नाही. मला याची खंत वाटते. (उडदाच्या शास्त्रीय नावातला 'मुंगो' मात्र या प्राण्याचा नव्हे. तो मुगावरून आला आणि उडदाला चिकटला. वाण्याकडे असा घोळ झाला असता तर गिऱ्हाईकानं चालू दिला नसता.)

नाव समुद्रानं गेलं, पण गोष्ट बरोबर गेली नाही. गोष्ट आधीच जमिनीच्या वाटेनं निघून गेली होती. पंचतंत्रातली ती गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकानं आईच्या किंवा बाईंच्या तोंडून ऐकलेली असते. पाळण्यातल्या बाळाजवळ मुंगसाला ठेवून आई पाण्याला जाते, परत येते तो दारात रक्तानं माखलेलं तोंड घेऊन मुंगूस उभं, आणि ती डोक्यावरची घागर त्याच्यावर घालते. आत बाळ सुखरूप असतं, शेजारी सापाचे तुकडे. सहाव्या शतकात पंचतंत्र पहलवीत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं त्याचं अरबी केलं, आणि तिथे मुंगसाच्या जागी विझल आलं. युरोपात पोचेपर्यंत त्याचा कुत्रा झाला आणि सापाचा पुढे लांडगा. वेल्समध्ये बेडगेलर्ट गावी त्या इमानी कुत्र्याचं थडगं म्हणून एक जागा दाखवतात आणि लोक तिथे जाऊन हळवे होतात. ते आपल्या मुंगसासाठी हळवे होत आहेत, हे त्यांच्या गावीही नसतं.

शब्दाला गोष्ट नाही आणि गोष्टीला शब्द नाही, असे दोघं शतकानुशतकं वेगळे हिंडले. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांची गाठ पडली ती 1894 मध्ये, किपलिंगच्या 'द जंगल बुक'मध्ये. मोगलीचं जंगल आमच्या दक्षिणेला, नागपूरच्या रस्त्यावरच्या सिवनीचं. पण त्याच पुस्तकातला रिक्की-टिक्की-टावी बिहारमधल्या सुगौली छावणीतल्या बंगल्यात राहतो, नागाच्या जोडीशी लढतो आणि घरातलं मूल वाचवतो. त्याला इंग्रजीत मंगूस म्हटलंय. कोकणातून गेलेलं नाव आणि पंचतंत्रातलं काळीज तिथे एका देहात आलं. आणि या वेळी घरच्या आईनं त्याच्यावर घागर घातली नाही. म्हणून ती गोष्ट मला फार प्रिय आहे.

नावाबरोबर प्राणीही नेला, तिथे मात्र वाईट झालं. 1872 मध्ये जमैकातल्या एस्प्यूट नावाच्या मळेवाल्यानं उसातल्या उंदरांसाठी कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. ती आपल्या राखी मुंगसाची लहान चुलत भावंडं. तिथून ती कॅरिबियन बेटांवर आणि 1883 मध्ये हवाईला पोचली. उंदीर रात्रीचे, मुंगूस दिवसाचं. त्यानं जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाल्ली. जपानच्या अमामी बेटावर 1979 मध्ये विषारी हाबू सापासाठी सोडलेल्या मुंगसांनी तिथल्या दुर्मीळ सशांवर संकट आणलं, आणि ती सगळी नाहीशी झाल्याचं जपान सरकारनं 2024 मध्ये जाहीर केलं. ती मारताना शिकाऱ्यांना वाईट वाटलं की नाही, कोण जाणे. मला वाचताना वाटलं. त्या जिवाला जहाजात कुणी विचारून बसवलं नव्हतं.

इथे, त्याच्या स्वतःच्या मुलखात, त्याला नागाचं फारसं भय नाही. ते चपळ तर आहेच, शिवाय त्याच्या स्नायूंमध्ये नागाचं विष जिथे जाऊन बसायचं ती जागाच अशी घडली आहे की विष तिथे नीट चिकटत नाही. लोक म्हणत, ते एक मुळी खाऊन बरं होतं. त्या मुळीच्या झाडालाही लिनियसनं 'मुंगोस' नाव देऊन ठेवलंय. मुळीची गरज त्याला नव्हती.

त्याला भय आहे ते माणसाचं, आणि तेही चित्रकलेच्या ब्रशापायी. त्याचे केस ताठ, लवचिक आणि रंग धरून ठेवणारे म्हणून ब्रश करणाऱ्यांना हवे असतात, आणि त्यासाठी फासे लावून मुंगसं मारली जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे, तरी असे ब्रश जप्त झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. तेव्हा मुलांसाठी रंगांची पेटी घ्यायला दुकानात गेलात, तर ब्रश हातात घेऊन एवढं विचारा की केस कसले आहेत. दुकानदार धड सांगेना, तर तो परत ठेवा आणि नायलॉनचा मागा.